सन एकोणऐंशीचा लाल बस्ता

सोमवार, १० जानेवारी १९९४. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कोर्टाच्या अभिलेख कक्षाच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, माझ्या सोडचिठ्ठीचा कागद पाहिजे. गुरुवारी पाचच्या आत पाहिजे.”

तिला हवा असलेला कागद त्या क्षणी खिडकीपासून नऊ हातांवर होता. माझ्या पोटात होता. हे फक्त मला ठाऊक होते, आणि मला बोलता येत नाही.

मित्रांनो, मी एक जुना बस्ता आहे. बस्ता म्हटले की तुम्हाला लग्नाची कापडखरेदी आठवेल. तो मी नव्हे. कोर्टात निकाल लागला की त्या कामाची फाईल लाल कापडात बांधून ठेवतात. त्या गाठोड्याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. माझ्या गाठीखाली एक पुठ्ठा आहे. आत कोणाकोणाची कामे आहेत त्याची यादी त्यावर शाईने लिहिलेली आहे. माझ्यात एकूण बेचाळीस फायली आहेत आणि त्या सगळ्या मोडलेल्या लग्नांच्या आहेत. सन १९७९, जानेवारी ते जून.

या शहराच्या आसपास पैठणी विणतात, हिमरू विणतात. मी त्यांच्यातला नाही. मी साधा जाडाभरडा खारवा. एका थानातून आम्ही अठरा भाऊ कापले गेलो. माझ्या चारही कडांना दोरा घालून शिवले आणि एका कोपऱ्याला लांब नाडी लावली. तेव्हा मी कुंकवासारखा लाल होतो. पहिल्या वर्षी तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी माझ्या गाठीवर बोट ठेवून म्हटले होते, “बांधावा तर असा.” त्या कौतुकावर मी किती वर्षे काढली ते सांगायला लाज वाटते. कारण त्यानंतर मला फारसे कोणी उघडलेच नाही.

मी वरच्या फळीवर गेलो. माझा लाल रंग विटकरी झाला. कसर नावाचा चंदेरी किडा माझ्या एका कोपऱ्याशी पाच वर्षे राहिला. झरोक्यातून मला शहर फक्त ऐकू येत असे. आधी सायकलींच्या घंटा असत. मग चिकलठाण्याच्या, मग वाळूजच्या कंपन्यांच्या बस सुरू झाल्या. भोंगे वाढत गेले. आणि मोर्चे. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्या म्हणणारे मोर्चे, देऊ नका म्हणणारे मोर्चे. मी ज्यांच्या फायली सांभाळतो त्यांतल्या कित्येकांच्या तारखा अठ्ठ्याहत्तर साली पुढे गेल्या होत्या. कारण एकच लिहिलेले आहे: दंगल, रस्ते बंद.

आता त्या सोमवारकडे वळतो.

खिडकीच्या आत अभिलेखपाल त्रिंबकराव बसत. पन्नाशीचे, चष्म्याला दोरी लावलेले, सावकाश बोलणारे. त्यांचा एक नियम होता. परक्याच्या घरातली गोष्ट मोठ्याने वाचायची नाही. पुठ्ठ्यावरची यादीसुद्धा ते ओठ मिटून, बोट फिरवत वाचत. हा नियम चांगला होता. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मात्र तो जवळजवळ घात करणार होता.

बाईने नाव सांगितले, बानाबाई. शेंद्र्याजवळच्या वस्तीवरची, धनगराची लेक. सोबत वडील होते, मुंजाबा गडदे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि काठी कोर्टात न्यावी की बाहेर ठेवावी या विचारात ते दारातच थांबलेले.

“कशाला पाहिजे कागद?” त्रिंबकरावांनी विचारले. अर्जात कारण लिहावे लागते.

बानाबाईने एका दमात सांगितले. त्यांची जमीन आणि मेंढरांचे चरायचे रान औद्योगिक वसाहतीत गेले. तिथे कारखाना येणार. ज्यांची जमीन गेली त्या प्रत्येक खात्यामागे एका माणसाला नोकरी. मुंजाबांना मुलगा नाही, बानाबाई एकटी. तिने अर्ज केला. पण चुलतभावाने हरकत घेतली, की लग्न करून दिलेली लेक नवऱ्याच्या घरची, बापाच्या खात्यावर तिचा हक्क नाही, ती नोकरी मला द्या.

“मग तुम्ही सांगायचं ना, काडीमोड झालाय म्हणून.”

“सांगितलं की! भूसंपादनाचा साहेब म्हणतो, गुरुवारी पाचच्या आत पुरावा आणा, नायतर नोकरी त्येला. पंचांच्या म्होरं काडी मोडली व्हती, साहेब. आता ती मोडलेली काडी कुठून आणू? चुलीत गेली असंल.”

“पण कोर्टाचा कागद झाला होता?”

“व्हय. त्येनंच केला. चिकलठाण्याला कंपनीत लागला व्हता. दुसरी बायको केली, तिचं नाव कंपनीत लावायला कागद पाहिजे म्हणून मला हितं आणलं. मी अंगठा दिला आन् गेले.”

“साल कोणतं?”

दारातून मुंजाबांनी उत्तर दिले, “दंग्याचं साल.”

“नक्की?”

“पक्कं! आमच्या वस्तीवरून धूर दिसत व्हता साहेब, त्ये साल माणूस इसरंल काय?”

हे ऐकताना शिडी पुसणारा कचरू क्षणभर थांबला. कचरू कोर्टाचा शिपाई. त्याच्या मोठ्या भावाचे घर त्या दंगलीत जळाले होते. शिडी उचलून त्याने सन १९७८ च्या फळीला लावली.

आणि मित्रांनो, मी तळमळलो! त्या दिवशी अठ्ठ्याहत्तरचे माझे चार भाऊ एकामागून एक खाली उतरले, उघडले गेले, झटकले गेले. त्रिंबकरावांचे बोट प्रत्येक पुठ्ठ्यावरून दोनदा फिरले. नवऱ्याचे नाव केरबा गोफणे, असे त्यांनी चिठ्ठीवर लिहून घेतले होते. केरबा कुठेच नव्हता. कसा असेल? तो माझ्यात होता. मी त्याच फळीवर, उजव्या हाताला, हातभर अंतरावर होतो.

पाच वाजता खिडकी बंद झाली. “उद्या या,” त्रिंबकराव म्हणाले.

“उद्या एसटी चालू राहील का नाय कोणाला ठावं,” मुंजाबा म्हणाले. ते खरे होते. शहरात जो तो कुजबुजत होता. नामांतर या आठवड्यात होणार, नाही होणार, बंद होणार, संचारबंदी लागणार. क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या.

मंगळवारी एसटी चालली. पावणेअकराला दोघे हजर.

त्रिंबकरावांनी रात्री विचार केला असावा, कारण त्यांनी चष्मा लावायच्या आधीच प्रश्न केला. “बाबा, कोर्टात एकदाच आलात का दोनदा?”

“दोनदा. पहिल्या डावाला अर्ज दिला. जज म्हणले, सहा महिने थांबा, मन बदलतंय का बघा. मंग परत आलो.”

“परत आलात तेव्हा काय दिवस होते?”

“शिमगा तोंडावर व्हता. हरभरा काढला व्हता.”

“अहो, मग ते इंग्रजी एकोणऐंशी झालं!”

“आसं कसं? साल पाडव्याला सरतं. शिमग्याला दंग्याचंच साल चालू व्हतं की!”

त्रिंबकरावांनी कपाळावर हात मारला आणि हसले. फायली निकालाच्या तारखेने लावतात, इंग्रजी सालाने. मुंजाबांचे साल चैत्र पाडव्यापर्यंत पुरले होते. दोघेही आपापल्या पंचांगात बरोबर होते आणि त्यापायी माझ्या चार भावांची धूळ फुकट झटकली गेली होती.

“कचरू, शिडी! एकोणऐंशी, पहिला!”

तो पहिला म्हणजे मी. कचरूने मला दोन्ही हातांनी धरले. पंधरा वर्षांनी कोणी मला उचलत होते. खाली येताना माझ्यातून एवढी धूळ उडाली की तिघे शिंकले. टेबलावर नाडी सोडली गेली. पुठ्ठ्यावर बोट आले. एक, दोन, पाच, नऊ. अकराव्या ओळीवर बोट थांबले. केरबा सखाराम गोफणे. मला वाटले आता जिंकलो!

बोट पुढे सरकले. पत्नीच्या नावावर गेले. मग उरलेल्या ओळींवरून शेवटपर्यंत फिरून परत केरबावर आले. त्रिंबकरावांनी चिठ्ठीवर पाहिले आणि चष्मा काढला.

“नाही हो बाई. केरबा आहे, पण बाई दुसरी आहे. त्यानं नंतर केलेली असेल, तीही सोडली असेल. तुमचं नाव नाही.”

आणि ते माझी नाडी बांधू लागले.

एक वेढा बसला. दुसरा बसत होता. माझ्या गाठीचे आयुष्यात एवढे कौतुक झालेले, पण त्या दिवशी मला ती गाठ नको होती.

“थांबा साहेब,” बानाबाई म्हणाली. “ती बाई कोण?”

“परक्या बाईचं नाव मी कसं सांगू?”

“नवरा माझाच ना? मग बाई परकी कशी? मला बघू द्या.”

“तुम्हाला वाचता येतं?”

“साक्षरतेच्या वर्गाला जाते. दोन हिवाळे झाले.”

त्रिंबकरावांनी कचरूकडे पाहिले. कचरू म्हणाला, “वाचू द्या की साहेब. वाचायचा काय गुन्हा लागतो?”

त्यांनी पुठ्ठा खिडकीकडे फिरवला. बानाबाई वाकली. तिने अकराव्या ओळीखाली नख ठेवले आणि एकेक अक्षर उचलावे तसे ती वाचू लागली.

“स... मंग हे काय, जोडून लिव्हलंय... त्य... भा... मा.”

ती सरळ झाली नाही. वाकलेलीच राहिली. पुन्हा वाचले. या वेळी सलग. “सत्यभामा.”

खिडकीबाहेर कोणीतरी वकिलाला हाका मारत होते.

“ही मीच हाय,” बानाबाई म्हणाली.

मित्रांनो, आपल्याकडे पुष्कळ घरांत लग्नात नवरीला नवे नाव देतात. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यावर अंगठीने ते लिहितो. केरबाने लिहिले होते सत्यभामा. बानाबाईला तेव्हा वाचता येत नव्हते. तीन वर्षे सासरी सगळ्यांनी तिला त्याच नावाने हाक मारली आणि त्याच नावाने घराबाहेर काढले. माहेरी परत आली तेव्हा मुंजाबांनी तिला पैठणला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेले, पाण्यात उभे केले आणि म्हणाले, त्ये नाव हितं सोड. पुन्हा आमच्या तोंडात येणार नाय. बापलेकींनी ते नाव खरोखर सोडले होते. इतके, की सोमवारी त्रिंबकरावांनी “दुसरं काही नाव आहे का?” असे विचारले तेव्हा दोघांनी एकदम “नाय” म्हटले. त्यांनी खोटे सांगितले नव्हते. अंगठा दिलेल्या कागदावर कोणाचे नाव आहे ते तिला कधी कळलेच नव्हते. तिला वाटत होते, कागद बानाबाईचा आहे.

“बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?” त्रिंबकरावांनी विचारले.

“गंगेत सोडल्यालं माघारी कसं घ्यावं, साहेब?” मुंजाबा काठीकडे बघत म्हणाले.

“घ्यावं लागेल. नकलेचा अर्ज सत्यभामेच्या नावानं करावा लागेल. सोबत प्रतिज्ञापत्र, की सत्यभामा आणि बानाबाई एकच. खाली दोन्ही नावांनी सही. नाहीतर अंगठा.”

“अंगठा नाय देणार,” बानाबाई म्हणाली. “अंगठा दिला म्हणून तर हे झालं.”

“मग लिहा सही.”

“बानाबाई लिव्हता येतं. ह्ये नाय येत. जोडाक्षरं आमच्या वर्गात अजून आली नायत.”

कचरू मोठ्याने हसला. “घ्या! विद्यापीठाचं नाव बदलायला सोळा वरीस लागले, हिला एका जोडाक्षरासाठी गुरुवारच्या आत पोहोचायचंय. साहेब, पुठ्ठा राहू द्या तिच्यापुढं. बघून लिहील.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला मोठा तास तो. त्रिंबकरावांनी रद्दीचा कागद दिला. बानाबाई बाकावर बसली, मांडीवर मला घेतले आणि माझ्या पुठ्ठ्यावरची अकरावी ओळ पाहून अक्षरे काढू लागली. ‘त्य’ तिला जमेना. कधी त मोठा, य कोपऱ्यात. कधी दोघांत वीतभर अंतर. तिचा घाम माझ्या कापडाला लागला. मुंजाबा आधी भिंतीकडे तोंड करून बसले होते. बाविसाव्यांदा ती चुकल्यावर ते वळले.

“अगं, त शेजारच्या अक्षराच्या खांद्याला टेकव. मेंढरू मेंढराला टेकतंय तसा.”

“तुमाला कुठं लिव्हता येतंय आबा?”

“मला लिव्हता येत नाय. टेकलेलं कळतंय.”

सव्वातीन वाजता तिने प्रतिज्ञापत्राखाली लिहिले: सत्यभामा केरबा गोफणे. त्याच्या खाली, जरा मोठ्या अक्षरात: बानाबाई मुंजाबा गडदे. तातडीच्या नकलेचा अर्ज साडेतीनला दाखल झाला. फाईल माझ्या पोटातून निघून नक्कल विभागात गेली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यात एक्केचाळीसच फायली होत्या आणि मला ते रिकामेपण आवडले.

बुधवारी टंकलेखनाचा नंबर लागला नाही. पुढे सात अर्ज होते.

गुरुवार, १३ जानेवारी. दुपारी दोनला नक्कल टंकून झाली. पण टंकलेली नक्कल तशीच देत नाहीत. रुजवात करतात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेत ओळ न् ओळ ताडून पाहायची. त्या दिवशी निम्मे लोक आले नव्हते, शहराचे वातावरण तसे होते. तेव्हा त्रिंबकराव स्वतः वाचायला बसले. ज्या माणसाने आयुष्यभर ओठ मिटून यादी वाचली, त्याने खणखणीत आवाजात वाचले.

“अर्जदार क्रमांक दोन, सत्यभामा. उभयतांचा विवाह आजपासून संपुष्टात आला आहे.”

बानाबाई खिडकीबाहेर उभी होती. “आजपासून म्हंजे कवापासून?” तिने विचारले.

“बारा मार्च एकोणऐंशी.”

“म्हंजे इतके दिस मी मोकळीच व्हते,” ती म्हणाली. आणि मग, बापाकडे वळून, “आबा, ऐकलं का? कागदावर हाय.”

तीन वाजून पंचावन्न मिनिटांनी शिक्का पडला. ‘खरी नक्कल.’ भूसंपादनाची कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि तिथली खिडकी पाचला बंद होणार. बानाबाई रस्त्यावर धावली आणि पाच मिनिटांत परत आली. एकही रिक्षा नव्हती. शहरबस गेली का येणार, कोणी सांगेना.

कचरू आधीच सायकलचे कुलूप काढत होता.

“साहेब, तासाभराची सुट्टी द्या.”

“कचरू, आज तू बाहेर पडू नको. वातावरण बघ.”

“वातावरण मी अठ्ठ्याहत्तरपासून बघतोय. बसा ताई मागं. कागद पदरात नको, पोलक्यात ठेवा. आबा, तुम्ही हितंच बसा, ह्या बस्त्याजवळ.”

सायकल गेली. मुंजाबा माझ्याशेजारी बसले. त्यांनी माझ्या नाडीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. त्रिंबकराव दर पाच मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. सव्वाचार. साडेचार. चार पन्नास. माझ्या सुतासुतात धडधड होत होती. कापडाला छाती नसते हे मला माहीत आहे, पण होत होती.

पाच वाजून एकावन्न मिनिटांनी दोघे परत आले. कचरूचा सदरा पाठीला चिकटला होता.

“चार मिनिटं उरली व्हती!” त्याने दारातूनच सांगितले. “खिडकी लावत होता. ताईंनी हात घातला आत.”

“घेतला का कागद?”

“घेतला. पोच दिली,” बानाबाईने घडी केलेला चतकोर दाखवला. “पण तो साहेब म्हणला, अर्जात एक नाव, कागदात दुसरं. वर इचारावं लागंल.”

मग मुंजाबांनी पोच हातात घेतली, उलटी धरून पाहिली आणि विचारले, “ह्याच्यावर कोणतं नाव हाय?”

“बानाबाई,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती आणि त्याच दिवशी नामांतराची घोषणा झाली. सोमवारी कचरू तिळगूळ घेऊन आला. त्याने सगळ्यांच्या टेबलावर ठेवला आणि एक लाडू माझ्या पुठ्ठ्यावरही. त्रिंबकराव म्हणाले, “अरे, मुंग्या लागतील.” पण उचलला मात्र त्यांनी संध्याकाळी.

मला त्यांनी पुन्हा वरच्या फळीवर पाठवले नाही. कसर झाडून, डांबरगोळ्या घालून खिडकीजवळच्या खालच्या कप्प्यात ठेवले. पुठ्ठ्यावरच्या अकराव्या ओळीपुढे निळ्या पेन्सिलीने दोन शब्द वाढवले: माहेरचे बानाबाई.

मित्रांनो, तुमच्या घरातही पेटीच्या तळाशी, गादीखाली, देवघराच्या मागे काही कागद असतील. त्यांना ऊन दाखवा, वाळवीपासून जपा. त्यांवर कोणाचे कोणते नाव आहे ते वाचा, आणि आईला, आजीला वाचून दाखवा. ज्यावर अंगठा दिला तो कागद काय म्हणतो हे तिला ऐकू द्या. आणि ते माझ्यासारख्या कापडात बांधाल तेव्हा गाठ सुटेल अशी बांधा.

२ फेब्रुवारीला भूसंपादनाच्या कचेरीतून पत्र आले. सत्यभामा आणि बानाबाई एकच असल्याबद्दल मूळ अभिलेखावरून खात्री करून कळवावे. त्रिंबकरावांनी फाईल पुन्हा काढली. १९७९ च्या अंगठ्याची आणि १९९४ च्या दोन सह्यांची नोंद केली. ४ फेब्रुवारीला उत्तर गेले. जावक रजिस्टरात त्याचा क्रमांक आहे.

बानाबाई दर शुक्रवारी, काही कळले का ते विचारायला, खिडकीशी येते. आज, १८ मार्चला, अकरा वाजून दहा मिनिटांनी आली होती. नोकरीची यादी अजून लागलेली नाही.